नियम करणारी यंत्रणा कायदा मागायला सॅक्रामेंटोला का जाते?

प्रश्न असा आहे: कॅलिफोर्नियातली प्रादेशिक हवा यंत्रणा, म्हणजे तिथलं एअर डिस्ट्रिक्ट, स्वतः नियम करतं, परवाने देतं, दंड आकारतं. मग दर वर्षी ते राजधानी सॅक्रामेंटोत, राज्याच्या विधिमंडळात, विधेयकांच्या मागे का असतं? आणि पाठिंब्याचं पत्र पाठवण्यापलीकडे तिथे नेमकं करतं काय?

पत्र हा या कामातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा भाग. डिस्ट्रिक्टचा खरा उपयोग विधेयकाचा मसुदा लिहिला जात असताना होतो. परवान्यांच्या फायली, तपासणीचे अहवाल, कोणत्या कारखान्याच्या कोणत्या बॉयलरमधून किती उत्सर्जन होतं याचे आकडे त्याच्याकडे असतात. विधिमंडळात हे कोणाकडेच नसतं. मसुदा छापून आला, समित्यांमधून पुढे सरकला, की या माहितीचं वजन दर आठवड्याला कमी होत जातं.

आधी अधिकारांची वाटणी पाहू, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. राज्यात ३५ एअर डिस्ट्रिक्ट आहेत आणि सगळ्यांचे अधिकार विधिमंडळाने केलेल्या कायद्यातून आलेले आहेत. १९४७ च्या कायद्यामुळे लॉस एंजेलिस काउंटीत पहिलं डिस्ट्रिक्ट उभं राहिलं, १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या काउंट्यांसाठी बे एरियाचं आलं, आणि १९७६ च्या लुईस कायद्याने लॉस एंजेलिस परिसराचं आजचं साउथ कोस्ट डिस्ट्रिक्ट घडवलं. राज्य पातळीवरचं एअर रिसोर्सेस बोर्ड, म्हणजे 'कार्ब', १९६७ च्या मलफर्ड-कॅरेल कायद्यातून आलं. राज्याच्या आरोग्य व सुरक्षा संहितेचं कलम ४०००० ढोबळमानाने असं सांगतं की वाहनांचं राज्य बघेल, बाकी सगळ्या स्रोतांची मुख्य जबाबदारी स्थानिक यंत्रणांची. जहाजं, विमानं आणि रेल्वे इंजिनं बहुतांशी केंद्राच्या हातात.

आता अडचण बघा. साउथ कोस्टच्या हद्दीत नायट्रोजन ऑक्साइडचं सुमारे ८० टक्के उत्सर्जन चालत्या स्रोतांमधून येतं: ट्रक, जहाजं, इंजिनं, बांधकामाची यंत्रं. ओझोनचं केंद्रीय मानक गाठण्याचा आराखडा डिस्ट्रिक्टने तयार करायचा, आणि ज्यातून ओझोन तयार होतो त्याचा मोठा हिस्सा डिस्ट्रिक्टच्या नियमाबाहेर. जून २०२५ मध्ये केंद्राने कॅलिफोर्नियाला स्वतःचे वाहन नियम लावायला दिलेल्या काही परवानग्या ठरावाने रद्द केल्या, तेव्हापासून ही ओढाताण वाढलीच आहे. उरलेले मार्ग दोन: गोदामं, बंदरं अशी जी ठिकाणं ट्रक-जहाजं ओढून आणतात त्यांच्यावर 'अप्रत्यक्ष स्रोत' म्हणून नियम करायचे, किंवा जुनी इंजिनं बदलायला अनुदान द्यायचं. पहिल्यासाठी कायद्यात कलम लागतं (साउथ कोस्टचा २०२१ चा गोदाम नियम क्र. २३०५ अशाच अधिकारावर उभा आहे), दुसऱ्यासाठी राज्याचा पैसा लागतो. दोन्ही सॅक्रामेंटोतच मिळतात.

कायद्यातली एक ओळ डिस्ट्रिक्टचे हात कसे बांधते याचं सर्वांत बोलकं उदाहरण शेतीचं. राज्याच्या कायद्यात अनेक वर्षं एक सूट होती: पीक घेण्यासाठी किंवा जनावरं पाळण्यासाठी वापरलेल्या उपकरणांना हवा-परवाना लागणार नाही. सॅन होआकिन खोऱ्यात याचा अर्थ असा की सिंचनाचे डिझेल पंप आणि हजारो गायींच्या डेअऱ्या परवान्याबाहेर, तर शेजारच्या लहान कारखान्याला परवाना सक्तीचा. डिस्ट्रिक्टने कितीही कडक नियम केला असता तरी राज्याच्या कायद्याच्या वर जाता येत नव्हतं. आणि केंद्रीय स्वच्छ हवा कायद्याला मोठ्या स्रोतांसाठी अशी सूट मान्य नव्हती. राज्याने दुरुस्ती केली नाही तर शिक्षेच्या मुदती ठरलेल्या असतात: आधी नव्या मोठ्या उद्योगाला एक टन वाढीमागे दोन टन कपात दाखवावी लागते, मग महामार्गांचा केंद्रीय निधी अडतो. महामार्गांच्या पैशाचं नाव निघालं की हवेत रस नसलेले आमदारही सुनावणीला वेळेवर येतात. २००३ च्या एसबी ७०० ने ती सूट संपवली (एसबी म्हणजे सिनेटमधलं विधेयक, एबी म्हणजे असेंब्लीतलं; ही विधिमंडळाची दोन सभागृहं).

पण त्या कायद्यातही डिस्ट्रिक्टच्या अनुभवाचा भाग बारकाव्यात आहे. 'मोठा स्रोत' ठरायला जितकं उत्सर्जन लागतं त्या उंबरठ्याच्या निम्म्याहून कमी उत्सर्जन असलेल्या शेतांना परवान्यातून वगळलं आहे. डिस्ट्रिक्टला त्यांनाही आत घ्यायचं असेल तर जाहीर सुनावणी घेऊन तशी गरज नोंदवावी लागते. असा उंबरठा नसता तर एकेका पंपाचे हजारो अर्ज आले असते आणि मोठ्या डेअऱ्यांच्या फायली त्याच ढिगात अडकल्या असत्या. उंबरठा कुठे ठेवला तर किती अर्ज येतील आणि त्यासाठी किती अभियंते लागतील, हे गणित डिस्ट्रिक्टच मांडू शकतं.

उलट बाजूचं उदाहरण २०१७ चं. त्या वर्षी एबी ३९८ ने राज्याची कॅप-अँड-ट्रेड योजना (एकूण उत्सर्जनावर मर्यादा घालून उत्सर्जनाच्या परवान्यांची खरेदी-विक्री करू देणारी) पुढे नेली आणि त्यातच एक कलम आलं: योजनेखालच्या स्रोतांच्या कार्बन डायऑक्साइडवर डिस्ट्रिक्टने वेगळा नियम करायचा नाही. बे एरियात नेमकी त्याच काळात रिफायनऱ्यांच्या उत्सर्जनावर आकड्यांची कमाल मर्यादा घालण्याची चर्चा चालू होती. त्यातला हरितगृह वायूंचा भाग या एका कलमाने निकालात निघाला. विधेयकाचा विषय होता बाजारयंत्रणा. 'हवा', 'प्रदूषण' असे शब्द शोधून विधेयकं चाळणाऱ्या कार्यालयाला अशी कलमं उशिरा दिसतात. म्हणून चाळणी विषयावर नाही, संहितेच्या क्रमांकांवर लावायची: आरोग्य व सुरक्षा संहितेच्या ३८५०० आणि ३९००० पासून पुढच्या कलमांना हात लावणारं प्रत्येक विधेयक, शिवाय ऊर्जा, गृहनिर्माण आणि बंदरांची विधेयकं हाताने वाचायची. दर वर्षी दोन हजारांच्या आसपास विधेयकं येतात, त्यामुळे हे एका माणसाचं काम नाही. परवाना विभाग, अंमलबजावणी विभाग आणि कायदा सल्लागार यांच्याकडे यादी वाटून द्यावी लागते.

त्याच वर्षी, कॅप-अँड-ट्रेड पुढे नेण्याच्या राजकीय सौद्यातूनच, एबी ६१७ आलं, आणि डिस्ट्रिक्टच्या दृष्टीने ते आजवरचं सर्वांत अवघड बाळंतपण म्हणायला हरकत नाही. वस्तीच्या पातळीवर हवा मोजायची, वस्तीतल्या लोकांबरोबर उत्सर्जन-कपातीचा आराखडा करायचा, आणि कॅप-अँड-ट्रेडमधल्या उद्योगांवर उपलब्ध उत्तम नियंत्रण तंत्र बसवण्याचं वेळापत्रक ठरवून ते ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत पूर्ण करायचं. २०१८ मध्ये पहिल्या दहा वस्त्या निवडल्या गेल्या. वेस्ट ओकलंड, रिचमंड, विल्मिंग्टन, शाफ्टर ही त्यांतली काही नावं. कामं कायद्यात कायमची, पैसे मात्र दर वर्षीच्या अर्थसंकल्पावर. अंमलबजावणीसाठी डिस्ट्रिक्टना मिळून वर्षाला साधारण ५ कोटी डॉलर मिळत गेले, पण दर वर्षी ते पुन्हा मागावे लागले. वर्षभराच्या पैशावर कायमस्वरूपी रसायनतज्ज्ञ नेमता येत नाही. कंत्राटी माणूस दीड वर्षात वस्तीतल्या लोकांना ओळखू लागतो आणि निघून जातो. विधेयकात नवं कर्तव्य दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: पैसे कोणत्या खात्यातून, आणि किती वर्षं?

इथे एक सापळा नवख्यांना हमखास पकडतो. राज्याने स्थानिक संस्थेवर नवं काम लादलं तर खर्च भरून द्यावा, असं राज्यघटनेतच आहे. पण ज्या संस्थेला शुल्क आकारण्याचा अधिकार आहे तिला ही भरपाई मिळत नाही, आणि डिस्ट्रिक्टला परवाना-शुल्काचा अधिकार आहे. त्यामुळे विधेयकाच्या सारांशात शेवटी 'भरपाईची गरज नाही' हे ठरलेलं वाक्य येतं, आणि वित्त समितीच्या टिपणात राज्याचा खर्च किरकोळ दिसतो. सगळा बोजा डिस्ट्रिक्टवर असूनही आकडा शून्याजवळ! त्यातच २०१० च्या प्रपोझिशन २६ (मतदारांनी थेट मंजूर केलेला प्रस्ताव) नंतर शुल्क हे सेवेच्या वाजवी खर्चापुरतंच ठेवावं लागतं, नाहीतर तो कर ठरतो. वस्तीतली हवा मोजण्याचा खर्च एखाद्या पेट्रोल पंपाच्या परवाना-शुल्कात टाकता येईल का, याचं उत्तर बहुधा 'नाही' असंच येतं. म्हणून डिस्ट्रिक्टने आपला खर्च पदसंख्येत, उपकरणांत आणि वर्षांत मांडून समितीच्या सल्लागाराकडे टिपण लिहिलं जाण्याआधीच द्यायचा. टिपण छापलं की तो आकडा सभागृहात सत्य म्हणूनच फिरतो.

रकमा कायद्यात लिहिताना महागाईचं कलम विसरणं ही दुसरी नेहमीची चूक. १९९० च्या एबी २७६६ ने वाहन नोंदणीवर हवेसाठी कमाल ४ डॉलर अधिभार घेऊ दिला. २००४ च्या एबी ९२३ ने अनुदानांसाठी आणखी २ डॉलरची मुभा दिली. हे आकडे महागाईशी जोडलेले नाहीत, त्यामुळे १९९० चे ४ डॉलर आजही ४ डॉलरच आहेत. दंडाच्या बाबतीत एबी ६१७ ने ही चूक टाळली: चूक हेतुपुरस्सर होती की नाही याचा विचार न करता लागणाऱ्या मूळ दंडाची दैनिक कमाल मर्यादा १,००० वरून ५,००० डॉलरवर नेली आणि ती दर वर्षी ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढेल असंही लिहिलं. एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ पहिल्या मसुद्यातच हवी. नंतर घातली की विरोधकांना ती 'दरवाढ' वाटते.

आता वेळापत्रक. डिस्ट्रिक्टचं मंडळ नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुढच्या वर्षाची धोरण-चौकट मंजूर करतं. स्वतःचं विधेयक हवं असेल तर तेव्हाच मांडणारा आमदार शोधायचा. असेंब्लीत ८० सदस्य, सिनेटमध्ये ४०, आणि प्रत्येकाला मर्यादित संख्येत विधेयकं मांडता येतात, त्यामुळे तुमचं विधेयक त्याच्या मतदारसंघातल्या एखाद्या ठसठशीत प्रश्नाशी जुळावं लागतं. २०१८ च्या वणव्यांच्या धुरानंतर बे एरिया डिस्ट्रिक्टने पुरस्कृत केलेलं एबी ८३६ (आमदार बफी विक्स, २०१९) असंच जुळून आलं: धुराच्या दिवसांत सार्वजनिक इमारतींत स्वच्छ हवेची केंद्रं करण्यासाठी हवा गाळण्याच्या यंत्रणांना अनुदान. तिथेही कायदा आधी झाला आणि पैसे नंतरच्या अर्थसंकल्पातून आले.

विधिमंडळाच्या मसुदाकारांकडे मजकूर जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत जायला हवा, कारण विधेयक मांडण्याची मुदत फेब्रुवारीच्या मध्यावर संपते. काही आमदार तोवर नुसतं एका ओळीचं जागा अडवणारं विधेयक टाकून ठेवतात. अशा विधेयकांची वेगळी यादी ठेवा. मार्चअखेर त्यांच्यात काय भरलं गेलं हे बघावंच लागतं. मांडल्यानंतर तीस दिवस सुनावणी होत नाही. हे तीस दिवस फार मोलाचे असतात, आणि बहुतेक डिस्ट्रिक्ट ते पत्राच्या मसुद्यावर सह्या गोळा करण्यात घालवतात. त्याऐवजी आमदाराच्या कार्यालयातल्या मदतनिसाला आणि समितीच्या सल्लागाराला भेटायचं. हवेच्या विधेयकांसाठी असेंब्लीत बहुधा नॅचरल रिसोर्सेस किंवा ट्रान्सपोर्टेशन समिती, सिनेटमध्ये एन्व्हायर्न्मेंटल क्वालिटी समिती. एका पानाचं टिपण न्यायचं, आणि त्याच्यासोबत हवा असलेला बदल कलम-उपकलमासह, खोडलेल्या आणि घातलेल्या शब्दांसकट. 'आम्हाला काळजी वाटते' असं सांगणाऱ्याला सहानुभूती मिळते, मजकूर आणणाऱ्याला दुरुस्ती मिळते.

त्या मजकुरात काय बघायचं, तर आधी 'करील' आणि 'करू शकेल' यांतला फरक. 'करील' असेल तर मुदतीकडे बघा. डिस्ट्रिक्टला साधा नियम करायलाही सहसा वर्ष-दीड वर्ष लागतं: कार्यशाळा, पर्यावरणीय परिणामांचं परीक्षण, आर्थिक-सामाजिक परिणामांचं विश्लेषण, सुनावणीआधी तीस दिवसांची जाहीर सूचना, आणि कलम ४०७२७ खालचे सहा निष्कर्ष: गरज, अधिकार, स्पष्टता, सुसंगती, द्विरुक्ती नसणं आणि संदर्भ. यातला एखादा सुटला तर न्यायालयात नियम पडतो. सहा महिन्यांत नियम करा असं विधेयक म्हणत असेल तर ते प्रत्यक्षात दाव्याचं आमंत्रण असतं, आणि हे आमदाराला आकड्यांनी दाखवलं की तो सहसा मुदत वाढवतो. व्याख्येतही असंच. 'रिफायनरी' या शब्दात डांबराचा कारखाना येतो का, शेजारचा हायड्रोजन प्रकल्प येतो का? परवान्यांच्या यादीवर व्याख्या लावून बघायची आणि नको ते आत येतंय का, हवं ते सुटतंय का हे नावानिशी तपासायचं. मग कलम ४०००० ला धक्का लागू नये म्हणून 'या कायद्यामुळे डिस्ट्रिक्टचे सध्याचे अधिकार कमी होत नाहीत' असं वाक्य मागायचं. आमदार ते सहज देतात, उद्योग सहज देत नाहीत; तिथेच कळतं की कलमामागे काय आहे. विधेयक एकाच डिस्ट्रिक्टपुरतं असेल तर सर्वसाधारण कायदा का चालणार नाही याचं कारण विधेयकात नोंदवावं लागतं, तेही आधीच लिहून द्यावं.

सुनावणीत दोन्ही बाजूंना साधारण दोन-दोन मुख्य साक्षीदार, प्रत्येकाला काही मिनिटं; बाकीच्यांनी नाव, संस्था आणि भूमिका सांगून बाजूला व्हायचं. दोन मिनिटांत आकडा एकच सांगावा. वित्त समितीत राज्याचा खर्च ठरावीक उंबरठ्याच्या वर गेला, असेंब्लीत तो १,५०,००० डॉलरचा आहे, तर विधेयक 'सस्पेन्स फाइल'मध्ये जातं आणि मे व ऑगस्टमध्ये एकाच दिवशी शेकडो विधेयकांचा निकाल भराभर वाचला जातो. तिथे साक्ष नसते, कारणं सांगितली जात नाहीत. त्यामुळे कार्बवर पडणारा खर्च आधीच कमी करून ठेवणं हाच उपाय: नवा अहवाल मागण्याऐवजी चालू अहवालात एक प्रकरण वाढवा, नवी समिती नको.

ऑगस्टचा शेवटचा पंधरवडा वेगळाच. विधेयकातला सगळा मजकूर काढून भलताच विषय भरण्याची प्रथा तिथे जुनी आहे. २०१६ च्या प्रपोझिशन ५४ पासून अंतिम मजकूर मतदानाआधी ७२ तास छापलेला असावा लागतो, पण महिन्यातून एकदा भरणाऱ्या मंडळाला ७२ तासांचा काय उपयोग? जाहीर बैठकांच्या ब्राउन कायद्याप्रमाणे नियमित बैठकीची विषयपत्रिकाच ७२ तास आधी लागते, आणि विशेष बैठक बोलवायची तरी २४ तासांची सूचना लागते. म्हणून मंडळाने विधेयकांवर एकेक करून नाही, तत्त्वांवर ठराव करावा आणि त्या चौकटीत भूमिका बदलण्याची मुभा कार्यकारी अधिकाऱ्याला द्यावी. हे नसेल तर असं होतं: मंडळाने एप्रिलच्या मजकुराला पाठिंबा दिला, जूनमध्ये मजकूर उलटा झाला, आणि समितीच्या विश्लेषणात 'पाठिंबा' या रकान्यात डिस्ट्रिक्टचं नाव तसंच राहिलं. प्रत्येक पत्रावर 'अमुक तारखेच्या दुरुस्तीप्रमाणे' हे लिहायचं ते याचसाठी.

मंडळावर काउंट्यांचे आणि शहरांचे निवडून आलेले लोक असतात, आणि त्यांच्या स्वतःच्या शहराची भूमिका कधीकधी विरुद्ध असते. ते आधी विचारून ठेवावं. समितीपुढे एकाच माणसाच्या दोन संस्था आमनेसामने आल्या तर दोन्ही पत्रं निकामी होतात. बाकी डिस्ट्रिक्टबरोबरही तसंच. ३५ डिस्ट्रिक्टच्या अधिकाऱ्यांची संघटना, कॅपकोआ, एकमुखाने बोलली तर वजन पडतं. पण पाच-सात कर्मचाऱ्यांच्या डोंगराळ डिस्ट्रिक्टला शहरी डिस्ट्रिक्टचं कर्तव्य झेपत नाही, म्हणून लोकसंख्येची किंवा स्रोतांच्या आकाराची अट घालून लहानांना आधीच मोकळं करावं.

सरकारी संस्थेने हे सगळं करणं कायदेशीर आहे का, असाही एक उपप्रश्न नेहमी येतो. आहे, फक्त नोंद ठेवावी लागते: १९७४ च्या राजकीय सुधारणा कायद्याप्रमाणे खर्चाचे तिमाही अहवाल द्यावे लागतात. विधेयकावर भूमिका घेता येते. जनमताच्या प्रस्तावावर मात्र १९७६ च्या स्टॅन्सन विरुद्ध मॉट निकालापासून सार्वजनिक पैशातून प्रचार करता येत नाही, निःपक्ष माहिती तेवढी देता येते.

सही झाली की बहुतेक कायदे पुढच्या १ जानेवारीला लागू होतात. तोवर शुल्क-नियमाची दुरुस्ती, पदांची जाहिरात आणि परवान्यांच्या नमुन्यांतले बदल सुरू झालेले असायला हवेत. शेवटच्या ७२ तासांत एखादं वाक्य संदिग्ध राहिलं आणि बदलायला वेळ उरला नाही, तर मांडणाऱ्या आमदाराकडून हेतू स्पष्ट करणारं पत्र सभागृहाच्या दैनिक कामकाज-पुस्तिकेत छापून घ्यावं. न्यायालयात त्याचं वजन मर्यादित असलं तरी फायलीत ते असावं, आणि पुढच्या वर्षीच्या दुरुस्ती-विधेयकाचा मजकूर त्याच पत्रातल्या शब्दांत नोव्हेंबरआधी तयार ठेवावा.